कानातली अम्मी

कुकरचं झाकण आरिफाच्या ओल्या हातातून निसटलं, फरशीवर ठणकन आपटलं आणि गरगरत जाऊन ओट्याच्या पायाशी थांबलं. दुपारचं घर इतकं शांत होतं की त्या आवाजानं ती स्वतःच दचकली. आणि मग, झाकण निपचित पडल्यावर, बाहेरच्या कारखान्याच्या खोलीत खुंटीला टांगलेला तंबोरा हळूच गुणगुणला. कुणी हात न लावता. हूंऽऽ करून विरून गेला.

मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत या गोष्टीचं नवल कुणाला नव्हतं. आवाजात तारेचा सूर सापडला की तार ओ देते. पण आरिफा हात पुसता पुसता थांबली. ती वाट बघत होती.

तीन वर्षांची असताना जोहानं याच दारात उभं राहून विचारलं होतं, "अम्मी, त्याला कुणी हात लावला?" आरिफानं समजावून सांगितलं, तर पुढचा प्रश्न तयार. "मग माझ्या नावाची तार कुठली?" त्यानंतर, "रात्री सगळे झोपल्यावर तो घोरतो का?" प्रश्नांची ही माळ संपायची नाही. आरिफा शेवटी वैतागून म्हणायची, "जा, दादांना विचार." दादा, म्हणजे आरिफाचे सासरे, म्हणायचे, "मी तंबोरा करतो बेटा, त्याची कुंडली मांडत नाही."

आज जोहा चटईवर पालथी पडून वाचत होती. चौथीत होती आता. तंबोऱ्याचा आवाज तिनंही ऐकला असणार, कारण तिनं मान डाव्या कानाकडे जराशी कलती केली, चिमणी करते तशी. क्षणभरच. मग समजल्यासारखी मान हलवून ती पुन्हा वाचायला लागली.

तिला उत्तर मिळालं होतं. आरिफाच्याच आवाजात.

*

टेकू त्यांच्या घरात आला तेव्हा जोहा दुसरीत होती, आणि 'घ' आणि 'ध' तिच्यासमोर सारखे जागा बदलायचे. ओळ वाचायला घेतली की अक्षरं मुंग्यांसारखी पांगायची. शाळेनं तिला जिन्याखालच्या खोलीत, आधारवर्गात बसवलं. पोरं त्याला 'ढ वर्ग' म्हणायची. जोहा घरी येऊन दप्तर पलंगाखाली ढकलायची आणि दादांजवळ जाऊन भुशात बोटं खुपसून बसायची.

टेकू म्हणजे वालाच्या दाण्याएवढी एक वस्तू. चष्म्याच्या काडीवर बसवायची. नंबर नसला तर साध्या काचा. वाचताना माणसाचा डोळा सरळ रेघेत सरकत नाही. तो उड्या मारत जातो, मध्येच थबकतो, मागं वळतो. मेंदूला जोर लावावा लागला की डोळ्यातली बाहुली किंचित मोठी होते. टेकू हे सारं बघायचा. जोर थोडा असेल तर मेंदू नवी वाट पाडतो. फार झाला की दार लावून घेतो, आणि मग कितीही ठोठावा. या दोन्हींच्या मधली एक अरुंद पट्टी असते, तिथंच शिकणं होतं. ती पट्टी प्रत्येक मुलाची निराळी. त्याच मुलाची सकाळी निराळी आणि दुपारी जेवणानंतर निराळी. वर्गभर पोरांमध्ये कुठल्या बाईंना ती दिसणार? टेकूला दिसायची. मूल पट्टीच्या बाहेर घसरायला लागलं की तो कानामागच्या हाडातून, शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही असा, एक इशारा द्यायचा. उत्तर नाही. फक्त इशारा.

हे इशारे मराठीत लिहायला टेकू बनवणाऱ्या कंपनीला माणसं हवी होती. आरिफाचं डी.एड. झालेलं होतं. नवरा इम्तियाज तंबोरे दुरुस्त करत गावोगाव फिरायचा, निम्मा महिना बाहेर. घर, सासरे आणि पोरगी सांभाळून होण्यासारखं ते काम होतं. भाजी शिजेपर्यंत चार इशारे, कपडे वाळत घालून आल्यावर चार. 'शेवगा' अडला तर: 'कालच्या आमटीत काय चोखत होतीस?' 'धरण' अडलं तर: 'पाण्याला धरून ठेवतं ते.' उत्तराच्या दारापर्यंत न्यायचं आणि कडी मुलाला काढू द्यायची. चांगला इशारा जमला की आरिफा एकटीच हसायची.

आवाज घरातल्या कुणाचाही देता यायचा. तिनं तासभर वाचून दाखवलं आणि टेकूनं तिचा आवाज उचलला. न थकलेला, सर्दी न झालेला, कधीच न चिडणारा.

आणि मग तो दिवस आला. रिक्षातून येताना जोहा अचानक पाट्या वाचत सुटली. स्टेशनपासून घरापर्यंत एकही पाटी सोडली नाही. 'पंक्चर काढून मिळेल.' 'थुंकू नये.' 'वाळलेले भोपळे योग्य दरात.' रिक्षावाला मागं वळून म्हणाला, "वहिनी, हिला बसवून नेलं तर मला गावभर फिरवंल की ही." आरिफा हसता हसता रडायला लागली. दादांनी त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "माझी नात वाचतीय. ते मशीन आहे ना, त्याचे पाय धुवून पाणी प्यायला पायजे. पण त्याला पायच न्हाईत."

जोहा आधारवर्गातून बाहेर आली. हे टेकूनं केलं होतं. आरिफा ते कधी विसरली नाही. पुढं जे झालं, तेव्हाही नाही.

*

या घरात एक रीत होती. तंबोरा पुरा झाला, चारी तारा चढल्या की तो गिऱ्हाइकाच्या हातात थेट जायचा नाही. घरातल्या सगळ्यात लहान माणसानं भोपळ्याला कान लावायचा. दादा तार छेडणार, आणि लहान्यानं सांगायचं, 'बोलला' किंवा 'नाही अजून'. 'नाही' म्हटलं की दादा पुन्हा जवारी काढायला बसायचे. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा वरचा माथा कानशीनं अगदी हलका घासायचा, तारेखालचा सुती दोरा केसभर पुढंमागं सरकवायचा. दोरा जागेवर बसला की तार नुसती वाजत नाही, गुंजते. पाचव्या वर्षी जोहानं एका तंबोऱ्याला तीनदा 'नाही' म्हटलं होतं. सोलापूरचे गवई चहावर चहा पीत बसले होते आणि दादा घाम पुसत म्हणत होते, "मालकीण पास करीना, मी काय करू?"

झाकण पडलं त्याच आठवड्यात धारवाडच्या सुमित्राताई आपला तंबोरा न्यायला आल्या. गाणाऱ्या बाई, आवाजासारखंच भरदार हसणाऱ्या.

"चला, लहान कान!" दादांनी हाक दिली.

जोहा आली, गुडघे टेकून बसली, भोपळ्याला कान लावला. दादांनी तारा छेडल्या. खोली भरून गेली. भुशाचा वास, दारातून आलेलं ऊन आणि तो आवाज, सगळं एकात एक मिसळलं.

"काय गं? बोलला?"

जोहानं मान डावीकडे कलती केली. आरिफा उंबऱ्यात चहाचा ट्रे घेऊन उभी होती, तिला ते स्पष्ट दिसलं. पोरगी ऐकत नव्हती. वाट बघत होती.

टेकू गप्प राहिला. तंबोरा कुणाच्या कानाला भावला हे ज्याचं त्यानं ठरवायचं, त्याला बरोबर उत्तर नसतं. आणि टेकू प्रामाणिक होता. जे सांगता येत नाही ते त्यानं सांगितलं नाही.

"दादा," जोहा अखेर म्हणाली, "बरोबर काय आहे, तुम्हीच सांगा ना."

सुमित्राताई हसल्या. "अगो, बरोबर नको मला. तुला काय वाटतं ते सांग."

जोहाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला काही वाटतच नाही," ती म्हणाली आणि उठून आत पळाली.

दादांच्या हातातला दोरा हातातच राहिला. सुमित्राताईंनी चहा संपवला, तंबोऱ्यावरून हात फिरवला आणि तो परत खुंटीकडे सरकवला. "असू दे इथंच, उस्ताद. मला घाई नाही. हिचा कान आला की बोलवा."

*

आरिफानं त्याच दुपारी कंपनीच्या पडद्यावर जोहाचा टेकू उघडला. काम करणाऱ्यांना आपल्या मुलाचा बघता यायचा. तिथं एक पट्टी होती, तिचं नाव 'थांबा'. मूल अडल्यापासून इशारा देईपर्यंत टेकू किती थांबतो, ते. पहिल्या वर्षी थांबा लांब होता. मग आखूड, आणखी आखूड. आता तर पापणी लवायच्या आत इशारा येत होता. जोहा अडायच्या आधीच.

यात लबाडी कुणाचीच नव्हती. टेकू शिकणारं यंत्र होता. इशारा लवकर दिला की मूल खूश, वेग वर, बाई खूश, आईबाप खूश, हे त्यानं पाहिलं आणि तेच बरोबर मानलं. आरिफानंही दर आठवड्याचा चढता आलेख बघून हसऱ्या चेहऱ्याचं बटण दाबलंच होतं की. आणि इशारे तिचेच. इतके गोड, इतके नेमके, की त्यांच्याशिवाय राहवू नये.

पट्टी मागं सरकवून थांबा पुन्हा लांबवायची सोय पालकांना होती. पण सरकवली की वेग काही आठवडे कोसळतो, अशी सूचना लाल अक्षरांत खाली लिहिलेली होती.

"सरकवू नका हो आत्ता," शाळेत मगदूम बाई म्हणाल्या. बाई प्रेमळ होत्या. आधारवर्गातून जोहाचा हात धरून त्यांनीच तिला वर्गात आणलं होतं. "महिन्याभरात वाचन-चाचणी आहे. वेगाची रेघ ओलांडली नाही तर नियमच आहे, परत जिन्याखाली. एवढं वर काढलंय पोरीला, आरिफाताई."

"बाई, ती वर्गात प्रश्न विचारते?"

बाई विचारात पडल्या. "त्रास नाही काही तिचा," त्या म्हणाल्या, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून चपापल्या.

घरी दादा तर तुटूनच पडले. "माझ्या उस्तादांनी दोन वर्षं मला नुसते भोपळे पुसायला लावले. इशारा सोड, नजर वर करून बघितलं न्हाई. रोज रडायचो मी. हे बघ, असलं मशीन मला मिळालं असतं ना, तर मी कुठल्या कुठं गेलो असतो. काढू नको ते, बेटा."

"काढत नाहीये, अब्बा. सरकवतेय."

म्हाताऱ्यानं समोरच्या घोडीकडे बघितलं, मग सुनेकडे. "सरकव मग," ते पुटपुटले. "पण पोरगी रडली तर माझ्याकडं पाठवू नको. मी लगेच परत पुढं सरकवीन."

*

पोरगी रडली.

पहिल्या दिवशी ती 'ग्रहण' या शब्दापाशी अडली आणि कानाला हात लावून बसून राहिली. चष्मा काढून काडी पुसली, पुन्हा घातला. "अम्मी, हे बिघडलंय. तू बोलत नाहीयेस."

"मी इथं आहे की, समोर. विचार मला."

"तू नाही," जोहा रडकुंडीला येऊन म्हणाली, "कानातली!"

आरिफा स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. कानातल्या अम्मीचा हेवा करावा की काय करावं, तिला कळेना. ती अम्मी पोळी करपवत नव्हती, 'आत्ता नको' म्हणत नव्हती. दिवसभर लेकीच्या कानाशी होती. मग या समोरच्या अम्मीला कुणी काय म्हणून विचारावं?

बरेच दिवस असेच गेले. जोहानं पुस्तक फेकलं, जेवायला नाही म्हटलं. "सगळ्यांचा टेकू बोलतो, माझाच मुका," म्हणाली. आलेख लाल झाला. दादा येता-जाता खाकरायचे. दोनदा आरिफाचं बोट पट्टीवर जाऊन परत आलं.

मग एका सकाळी ती भाजी निवडत होती आणि जोहा मोठ्यानं वाचत होती. "घू... घूमकेतू. घूमकेतूला लांब शेपटी असते." पुढं गेली. सूर्याजवळ आला की त्याच्यातला बर्फ वितळून वाफ निघते, वगैरे. टेकू बोलला नाही. जोहा थबकली. मागं गेली. ओठ हलले. आरिफानं मेथीची काडी मोडलीच नाही, आवाज होईल म्हणून.

"धू! धूमकेतू! घूम नाही, धूम. धुरासारखी शेपटी आहे ना त्याला!"

आणि तेव्हा, शब्द सापडून गेल्यावर, टेकू बोलला. आरिफाच्या फोनवर ते उमटलं: 'कसं सापडलं तुला?'

आरिफा बघतच राहिली. हा इशारा तिनं लिहिलेला नव्हता. तिच्या आजवरच्या ढीगभर इशाऱ्यांत असा एकही नव्हता. थांबायची मुभा मिळाल्याबरोबर त्या वालाच्या दाण्यानं स्वतःच शोधून काढलं होतं की, कधी कधी मदत नंतर करायची असते. तिला थोडा मत्सर वाटला, आणि लगेच, चांगला विद्यार्थी भेटल्यावर वाटतो तसा अभिमान. थांबायला ती स्वतः इतके दिवस शिकत होती. यानं किती पटकन उचललं!

जोहा मात्र टेकूला सांगण्यात दंग होती. हातवारे करून, शेपटी काढून दाखवत.

त्याच आठवड्यात तिनं आपणहून खुंटीवरच्या तंबोऱ्याकडे बोट केलं. दादांनी तो उतरवला, छेडला. ती कितीतरी वेळ डोळे मिटून कान लावून बसली. मान सरळ होती.

"नाही अजून," ती म्हणाली.

"आं? चार दिस घासलाय मी त्याला!"

"तिसरी तार रुसलीय."

"रुसलीय म्हणं." दादांनी चष्मा कपाळावर चढवला, कुरकुरत दोरा सरकवला, पुन्हा छेडला. "आता?"

"आता हसायलीय."

दादांनी आत येऊन पाणी मागितलं आणि सुनेला म्हणाले, "धारवाडला फोन लाव." मग दारातून वळून, "त्या मशीनला पण सांग. बरं केलं म्हणावं."

*

चाचणीच्या दिवशी आरिफा शाळेच्या कट्ट्यावर बसून होती. मगदूम बाई बाहेर आल्या तेव्हाच त्यांच्या चेहऱ्यावरून तिला कळलं.

"थोडक्यात गेलं हो. रेघ राहिली. चुका नाहीत फारशा, पण वेळ फार घेतला." बाई तिच्याशेजारी बसल्या. "दिवाळीपर्यंत रोज पहिला तास जिन्याखाली. मला काही करता येणार नाही."

आरिफानं नुसती मान हलवली.

"पण सांगू का?" बाई म्हणाल्या. "उताऱ्यात एक मुलगा आजीशी खोटं बोलतो. ही मध्येच थांबली आणि मला म्हणाली, 'बाई, आजीला कळलंय, तर मग ती ओरडत का नाही?' अहो, चाचणीत प्रश्न आम्ही विचारायचे असतात! वेळ त्यातच गेला." त्या हसल्या. "मी उत्तर देत बसले ना तिला. मलाच द्यावंसं वाटलं."

स्कूटीवरून येताना जोहा मागं बसली होती. आईच्या पाठीला गाल टेकवून. "ढ वर्गात परत," ती एकदाच म्हणाली. आरिफाला वाटलं, गाडी थांबवावी, पट्टी पूर्वीसारखी करावी, बाईंच्या पाया पडावं. आपण पोरीच्या हातातली मिठाई काढून घेतली आणि नाव दिलं शिस्तीचं, असं तर नाही ना? याचं उत्तर दिवाळीला मिळेल, नाहीतर वीस वर्षांनी. कुठलाही आलेख ते आत्ता दाखवणार नव्हता. पण पाठीवर टेकलेल्या गालाची ऊब मात्र आत्ताची होती. तिनं गाडी हळू चालवली.

घरी येऊन ती भात लावायला गेली. जोहा पुस्तक घेऊन चटईवर लवंडली. घर पुन्हा शांत झालं, पण ही शांतता आरिफाला वेगळी वाटली. कुणीतरी आत काम करत असल्यासारखी.

ठणकन आवाज झाला. आरिफानं वळून पाहिलं. झाकण तिच्या हातातून पडलेलं नव्हतं. जोहा ओट्यापाशी उभी होती. तिनं ते मुद्दाम खाली टाकलं होतं आणि ती कान देऊन ऐकत होती. बाहेर खुंटीवर, उद्या धारवाडला जाणारा तंबोरा गुणगुणला. तो पार विरेपर्यंत ती हलली नाही.

"अम्मी."

"काय गं?"

"मी मनातल्या मनात वाचते ना, तेव्हा आत कुणीतरी वाचून दाखवतं. आधी ती तू होतीस. आता तू नाहीयेस. टेकूपण नाही, मी त्याला विचारलं, तो म्हणाला, मी नाही." जोहानं चष्मा काढला आणि हातात धरला. "मग तो आवाज कुणाचा आहे?"

आरिफाला हसू आलं. हे तरी सोपं होतं. "तुझाच की, वेडे."

"माझा?"

जोहा झाकणाकडे बघत राहिली. तिनं मान कुठल्याच बाजूला कलती केली नाही. बराच वेळ गेला, आरिफा थांबली.

"बोलतेय ती मीच," जोहा सावकाश म्हणाली, "तर मग अम्मी, ऐकतंय कोण?"